अमेरिका पण आपल्यासारखीच इंग्रजांची वसाहत होती ना, मग ती साम्राज्यवादी कशी काय झाली?

प्रश्न विचारणारा एम.ए.चा विद्यार्थी आहे आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती, आपणही होतो, त्यांनी १७७६ ला लढून सुटका करून घेतली, आपली १९४७ ला झाली, मग ज्यांनी स्वतः परकी सत्ता सोसली त्यांनीच पुढे हवाई, पोर्तो रिको, फिलिपिन्स कसं गिळलं? आणि सिलॅबसमधे युरोपचा साम्राज्यवाद एक प्रकरण, अमेरिकेचा इतिहास दुसरं प्रकरण, दोन्हीचा संबंध लिहा म्हटलं तर लिहायचं काय?

मी बरीच वर्षं कॉलेजात आधुनिक जगाचा इतिहास शिकवतोय, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

खरी अडचण त्या 'आपल्यासारखीच' मधे आहे. १७७६ ला बंड कुणी केलं ते आधी बघा. वॉशिंग्टन, जेफरसन, अॅडम्स, ही सगळी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांची वंशज मंडळी. ज्यांची जमीन होती ते लोक, म्हणजे चेरोकी, शॉनी, मोहॉक, लेनापे वगैरे, ते या लढाईत 'स्वातंत्र्य मिळवणारे' नव्हतेच, आणि त्यातले बरेच जण तर इंग्रजांच्या बाजूनं लढले, त्याला कारण होतं ते पुढे येईलच. आपल्याकडचं समांतर उदाहरण द्यायचं तर १८५७ किंवा १९४२ चं देता येणार नाही. समजा मुंबईच्या फोर्टातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी लंडनवर चिडून आम्ही आता स्वतंत्र म्हणून जाहीर केलं असतं आणि मग स्वतःच देश चालवायला घेतला असता, तर ते १७७६ च्या जवळपास गेलं असतं. म्हणजे अमेरिकन क्रांती ही साम्राज्याच्या आतली भाऊबंदकी आहे, भांडण दोन भावांचं आणि शेत तिसऱ्याचं. हे एकदा डोक्यात बसलं की 'मग ते साम्राज्यवादी कसे झाले' हा प्रश्नच वेगळा दिसायला लागतो, कारण ते मधेच कधी झाले नाहीत, सुरुवातीपासून त्याच कामात होते, फक्त मालक बदलला.

आता यात बरंच काही 'कुठली अमेरिका' यावर अवलंबून आहे हे मान्य करतो. आज जो देश आहे तो एकट्या इंग्रजांच्या वसाहतींतून झालेला नाही. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ लाच वसवलं होतं, इंग्रजांचं जेम्सटाउन १६०७ चं. मिसिसिपीचं खोरं फ्रेंचांचं, न्यू ऑर्लिन्स १७१८ चं, अलास्का रशियाचा, तो १८६७ ला ७२ लाख डॉलरला विकत घेतला. त्यामुळे न्यू मेक्सिकोत बसून इतिहास लिहिणारा माणूस स्पेनपासून सुरुवात करेल आणि व्हर्जिनियातला टोबॅकोपासून. मी खाली मुख्यतः इंग्रजी धाग्यावर बोलतोय कारण प्रश्न तोच आहे आणि आपला संबंधही तिथेच येतो.

हा संबंध पुस्तकात दिसत नाही, पण कागदावर अगदी ठळक आहे. ईस्ट इंडिया कंपनी १६०० ची, जेम्सटाउन वसवणारी व्हर्जिनिया कंपनी १६०६ ची, दोन्ही लंडनच्या शेअरवाल्या कंपन्या, आणि सर थॉमस स्माइथ नावाचा एकच माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर आणि व्हर्जिनिया कंपनीचा ट्रेझरर. म्हणजे त्या काळच्या लंडनच्या पैसेवाल्याला सुरत आणि व्हर्जिनिया या दोन गुंतवणुकी होत्या, एक मसाल्या-कापडाची, दुसरी जमिनीची. पुढे १६६० च्या दशकात बघा, दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी लग्नात मुंबई बेट मिळालं (करार १६६१ चा, कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिलं १६६८ ला), आणि मधेच १६६४ ला त्याच राजाच्या भावाच्या नावानं डचांचं न्यू अॅमस्टरडॅम घेऊन त्याचं न्यूयॉर्क केलं. मग १६६७ च्या ब्रेडाच्या तहात डचांनी न्यूयॉर्कवरचा हक्क सोडला आणि जायफळाचं रुन नावाचं एवढंसं बेट आपल्याकडे ठेवलं, जे आज इंडोनेशियात आहे. तेव्हा डचांना हा सौदा फायद्याचा वाटत होता बरं का, मॅनहॅटनपेक्षा जायफळ महाग होतं.

मग एकच इंग्लंड, एकाच पद्धतीच्या कंपन्या, तरी इथे एक झालं आणि तिथे वेगळंच, असं का? मी वर्गात यासाठी दोनच गोष्टी विचारायला लावतो, जमीन कुणाकडून कुणाकडे गेली आणि त्या जमिनीवर राबलं कोण. आपल्याकडे लोकसंख्या दाट, मोगल, मराठे, निजाम, म्हैसूर अशी ताकदवान राज्यं, त्यामुळे कंपनीला इथले शेतकरी हाकलून द्यायचे नव्हते, त्यांच्याकडून महसूल काढायचा होता. गोरे इथे आले ते मुठीभर, नोकरी केली, पैसा केला, जगलेवाचले तर परत गेले. अमेरिकेत देवी, गोवर अशा युरोपातून आलेल्या रोगांनी मूळच्या लोकांची दाणादाण उडवली, तिथे येणाऱ्याला महसूल नको होता, जमीनच हवी होती, बायकापोरांसकट राहायला. आणि जमीन हातात आली पण राबायला माणूस नाही, म्हणून आधी करारावर बांधून आणलेले गरीब गोरे आणि १६१९ पासून आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. व्हर्जिनियात पहिल्यांदा आली ती २० च्या आसपास, पुढच्या शंभर वर्षांत कायदे करून ती गुलामी आईकडून पोराकडे वारशानं जाणारी करून टाकली.

आता १७६३ कडे या, कारण माझ्या मते सगळी गाठ तिथे आहे आणि आपल्या पुस्तकांत याला दोन ओळी मिळतात.

सप्तवार्षिक युद्ध आपण प्लासीमुळे शिकतो. पण त्याच युद्धात, प्लासीनंतर दोनच वर्षांनी, १७५९ ला इंग्रजांनी क्वेबेक घेतलं. १७६३ च्या पॅरिसच्या तहानं फ्रान्स उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून बाहेर पडला. जिंकलं खरं, पण कर्ज प्रचंड झालं आणि वर ओहायो खोऱ्यात पाँटिअॅकच्या नेतृत्वाखाली मूळच्या लोकांनी उठाव केला. लंडनला हे खर्चिक दुखणं नको होतं. म्हणून ऑक्टोबर १७६३ मधे राजानं जाहीरनामा काढला की अॅपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी जमिनी घ्यायच्या नाहीत, तो मुलुख तिथल्या जमातींसाठी. यात राजाला काही पान्हा फुटला नव्हता, नवं युद्ध परवडत नव्हतं एवढंच. पण वसाहतवाल्यांच्या दृष्टीनं बघा, ते याच खोऱ्यासाठी फ्रेंचांशी लढले होते, आणि आता जिंकल्यावर आपलाच राजा कुंपण घालतोय! वॉशिंग्टन स्वतः जमिनीच्या सट्ट्यात चांगलाच गुंतलेला होता, त्यानं १७६७ ला आपल्या सर्व्हेयर दोस्ताला पत्र लिहिलंय की हा जाहीरनामा म्हणजे इंडियन लोकांना (म्हणजे तिथल्या मूळच्या जमातींना) शांत ठेवायची तात्पुरती सोय आहे, दोन-चार वर्षांत गळून पडेल, तेव्हा चांगल्या जमिनी आत्ताच हेरून ठेव, आणि हे काम शिकारीला जातोय असं दाखवून गुपचूप कर. हे पत्र मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा पोरं हसतात, कारण गावाबाहेरच्या रिंगरोडचा नकाशा आधीच बघितलेला एखादा नगरसेवक प्रत्येकाच्या ओळखीचा असतो.

टॅक्सचं भांडण खोटं होतं असं मी म्हणत नाहीये. स्टॅम्प अॅक्ट, टाउनशेंडचे कर, प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, हे सगळं खरं आहे आणि परीक्षेत ते लिहायलाच हवं. फक्त त्या टॅक्समागे कोण उभं होतं ते बघा. १७७३ चा टी अॅक्ट हा कर वाढवायला केलेला नव्हता, तो ईस्ट इंडिया कंपनीला वाचवायला केलेला होता. बंगालची दिवाणी १७६५ ला मिळाली, कंपनीनं ओरबाडलं, १७७० चा भीषण दुष्काळ पडला, शेअरची सट्टेबाजी, लष्कराचा खर्च, लंडनची बँकिंग मंदी असं सगळं मिळून १७७२ ला कंपनी दिवाळखोरीच्या दारात, आणि गोदामात कोट्यवधी पौंड वजनाचा चहा पडून. मग पार्लमेंटनं कंपनीला थेट अमेरिकेत चहा विकायची सवलत दिली. त्यानं चहा उलट स्वस्त होणार होता, पण मधले स्थानिक व्यापारी आणि स्मगलर मरणार होते आणि तो ३ पेन्सचा कर राहणारच होता. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टन बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. (हा चहा चीनचा होता. दरवर्षी कुणीतरी आसामचा चहा म्हणून लिहितं, आसामात तेव्हा चहाचे मळेच नव्हते.) पेनसिल्व्हेनियातल्या जॉन डिकिन्सननं तर त्याच वर्षी टोपणनावानं लिहिलं की या कंपनीनं आशियात काय केलंय बघा, बंगालात माणसं उपाशी मेली, आता ही इकडे वळलीय. म्हणजे बंगालचा दुष्काळ अमेरिकन क्रांतीच्या प्रचारात आलेला आहे! आणि याच लोकांनी पेट्या फेकताना वेश घेतला होता मोहॉक लोकांचा.

तुम्हाला एकच मूळ कागद वाचायचा असेल तर १७७६ चा जाहीरनामा शेवटपर्यंत वाचा. 'सर्व माणसं समान' हा भाग सगळ्यांना पाठ असतो, पुढे राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे ती कुणी वाचत नाही. त्यात एक तक्रार आहे की राजानं नव्या जमिनी घेण्याच्या अटी कडक केल्या, आणि यादीतली शेवटची तक्रार अशी की राजानं सरहद्दीवरच्या निर्दयी रानटी इंडियन लोकांना आमच्यावर सोडलं. समतेचं वाक्य आणि हे वाक्य एकाच कागदावर आहे. मी त्यावर काही भाष्य करत नाही, दोन्ही वाचतो आणि पुढे जातो.

इथे आपल्या मराठ्यांच्या इतिहासाचा एक धागा येतो, तो मुद्दाम सांगतो कारण तो सहसा जोडून शिकवत नाहीत. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२, अमेरिकेचं युद्ध १७७५ ते १७८३. हा नुसता योगायोग म्हणून सोडू नका. १७७७ ला सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, नाना फडणवीसांनी त्याला बरंच ठेवून घेतलं, तो खरा किती वजनाचा होता हा वेगळा विषय, पण इंग्रजांची झोप उडाली हे नक्की. बंगालहून लेस्लीच्या हाताखाली फौज जमिनीच्या मार्गानं मुंबईकडे निघाली. तेवढ्यात बातमी आली की अमेरिकेत साराटोगाला इंग्रज फौजेनं अमेरिकनांपुढे शरणागती पत्करली. कलकत्त्याच्या कौन्सिलात चुळबुळ झाली की फौज परत बोलवा, तेव्हा वॉरन हेस्टिंग्जनं उलटी भूमिका घेतली, पश्चिमेत मार बसला असेल तर पूर्वेत आपण जास्तच जोर लावून भरपाई केली पाहिजे असं त्याचं म्हणणं. फौज पुढे गेली, लेस्ली वाटेत वारला, गॉडर्डनं ती सुरतेपर्यंत नेली. इकडे मुंबईच्या इंग्रजांनी जानेवारी १७७९ मधे वडगावला महादजींसमोर नाक घासलं होतं, गॉडर्ड आल्यावर पुन्हा उचल खाल्ली, शेवटी १७८२ ला सालबाईचा तह. आणि १७८१ ला यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे हरलेला कॉर्नवॉलिस पाचच वर्षांत आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून हजर! त्यानं टिपूचं निम्मं राज्य तोडलं, बंगालात कायमधारा आणला. एका बाजूनं हरलेलं साम्राज्य दुसऱ्या बाजूला घट्ट झालं, आणि अमेरिका सुटल्यामुळे भारतावरची पकड सैल झाली असं कुणी लिहिलं तर मी मार्क कापतो.

आता अमेरिका सुटली, पुढे काय? १७८३ च्या तहात इंग्लंडनं मिसिसिपीपर्यंतचा सगळा मुलुख नव्या देशाला देऊन टाकला, ज्या जमाती तिथे राहत होत्या त्यांचा एकही माणूस त्या टेबलावर नव्हता. राजाचं कुंपण गेलं. मग १७८७ ला त्यांनी नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स केला, आणि युरोपपेक्षा अमेरिकेचा साम्राज्यवाद वेगळा कुठे पडतो ते बघायचं असेल तर हा कायदा नीट समजून घ्या. नवा प्रदेश आला की आधी तिथे वरून नेमलेला गव्हर्नर आणि न्यायाधीश, मग लोकसंख्या वाढली की मर्यादित विधिमंडळ, आणि ६०,००० मुक्त रहिवासी झाले की ते पूर्ण राज्य, जुन्या तेरा राज्यांच्या बरोबरीचं. म्हणजे लंडननं जी चूक केली, वसाहतवाल्यांना कायम दुय्यम ठेवण्याची, ती यांनी टाळली. वसाहत करायची, पण वसाहत करणाऱ्याला बरोबरीचं स्थान द्यायचं. भयंकर हुशार यंत्रणा आहे ही. ओहायोपासून पुढे पश्चिमेकडची बहुतेक राज्यं थोड्याफार फरकानं याच साच्यातून निघाली आणि त्यामुळेच हे साम्राज्य नकाशावर साम्राज्य दिसतच नाही, सलग देश दिसतो. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की इंडियन लोकांशी नेहमी प्रामाणिकपणे वागू, त्यांच्या संमतीशिवाय जमीन घेणार नाही. पुढे काय झालं तर १८३० चा रिमूव्हल अॅक्ट, म्हणजे जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे हटवायचा कायदा, आणि १८३८-३९ च्या त्या हद्दपारीत चेरोकींपैकी हजारो वाटेतच मेले, चार हजारांचा आकडा सहसा देतात.

युरोपचा कायदा अमेरिकेत जसाच्या तसा कसा शिरला याचं एक उदाहरण देतो, जरा किचकट आहे पण माझ्या आवडीचं आहे. १७५७ ला लंडनमधे प्रॅट आणि यॉर्क या सरकारी वकिलांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी एक मत दिलं की, मोगल बादशहा किंवा इंडियन राजांकडून कंपनीनं करारानं जमीन घेतली तर मालकीसाठी वेगळं शाही पत्र लागत नाही. हे मत अटलांटिकपलीकडे पोचलं तेव्हा त्यातून मोगल बादशहा गायब झाला होता! कुणीतरी तेवढा भाग गाळून प्रती फिरवल्या आणि जमिनीचे सट्टेबाज उरलेल्या 'इंडियन' शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या जमाती असा लावून म्हणायला लागले, बघा, आम्ही थेट जमातींकडून जमीन घेऊ शकतो. त्या जोरावर १७७३ आणि १७७५ ला इलिनॉय-वॉबॅश भागात मोठमोठ्या खरेद्या झाल्या. तो वाद थेट १८२३ ला सुप्रीम कोर्टात आला, जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश. मुख्य न्यायाधीश मार्शलनं सट्टेबाजांना हरवलं, पण कशाच्या आधारावर? तर युरोपच्या राष्ट्रांत ठरलेलंच आहे की जो देश शोध लावेल त्याला त्या भूमीचा हक्क, मूळच्या लोकांना फक्त राहण्या-वापरण्याचा हक्क, आणि इंग्लंडचा तो हक्क आता अमेरिकेकडे वारशानं आलाय. राजाला हाकलून पन्नास वर्षं होत आली होती, पण सात-बारा मात्र राजाच्याच नावावरून उतरवून घेतला. २००५ मधेसुद्धा त्या कोर्टानं एका ओनायडा जमातीच्या खटल्यात या शोधाच्या तत्त्वाचा उल्लेख केलाय. व्हॅटिकननं ते तत्त्व आमचं नाही म्हणून झटकलं ते मार्च २०२३ मधे.

इथवरचा सारांश एका ओळीत सांगायचा तर जमीन मूळच्या लोकांकडून राजाकडे, राजाकडून काँग्रेसकडे (म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे), आणि राबणारे बहुतांशी आफ्रिकन. आता कापूस घेऊ, कारण त्यात दुसरा प्रश्न, म्हणजे राबलं कोण, तो आपल्या दारापर्यंत येतो.

१७९० ला अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० ला जवळपास ४० लाख. कारण कापूस, आणि कापसाचं कारण लँकेशायर, म्हणजे इंग्लंडमधला मँचेस्टरच्या कापडगिरण्यांचा भाग. इंग्लंडनं स्वतःच्या बहुतेक साम्राज्यात गुलामगिरी १८३३ च्या कायद्यानं बंद केली, पण मँचेस्टरच्या गिरण्या गुलामांनी वेचलेल्या अमेरिकन कापसावरच चालत होत्या. १८६१ ला यादवी सुरू झाली, लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि मँचेस्टरनं मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर, प्रेमचंद रायचंदांच्या नावाभोवती शेअरबाजी, बॅक बेच्या भरावाच्या कंपन्या, रोज नवी बँक. १८६५ च्या एप्रिलमधे दक्षिणेचा सेनापती ली यानं शरणागती दिली आणि काही आठवड्यांत सगळं कोसळलं. मुंबईतली माणसं कंगाल झाली, शेतकऱ्याचं तर विचारूच नका, चढ्या भावावर घेतलेलं कर्ज उतरत्या भावात फेडत बसला. वऱ्हाडातल्या कास्तकाराचं जागतिक बाजाराला बांधलं जाणं तिथून पक्कं झालं. आणि त्याच घटनेची दुसरी बाजू बघा, जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून जोतीरावांना जी अमेरिका दिसत होती तीही खरीच होती, ती खोडून काढायची गरज नाही.

१८९८ बद्दल थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्या पुस्तकांत आहे. हवाईची राणी लिलिउओकलानी हिला १८९३ ला गोऱ्या ऊसमळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी पदच्युत केलं, १८९८ ला ती बेटं ताब्यात. त्याच वर्षी स्पेनशी युद्ध, पोर्तो रिको आणि ग्वाम घेतलं, फिलिपिन्ससाठी २ कोटी डॉलर दिले, आणि मग स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनो लोकांशीच लढाई. किपलिंगनं गोऱ्या माणसाच्या ओझ्याची ती कुप्रसिद्ध कविता १८९९ ला लिहिली ती अमेरिकेला उद्देशून, फिलिपिन्स घ्या म्हणून. किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे.जे.च्या आवारातला. म्हणजे ब्रिटिश इंडियात जन्मलेला माणूस अमेरिकेला सांगतोय की आता तुमची पाळी. फरक कुठे पडला तर यावेळी, हवाई सोडता, १७८७ ची शिडी लावली नाही. इथे राहणारे गोरे नव्हते, आणि मोठ्या संख्येनं जाऊन वसणं होणार नव्हतं, म्हणून १९०१ पासून कोर्टानंच ठरवलं की हे प्रदेश अमेरिकेच्या मालकीचे आहेत पण पूर्णपणे अमेरिकेचा भाग नाहीत. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून नागरिक आहेत, बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत आजही देता येत नाही. हा प्रकार मात्र आपल्या अनुभवाच्या बराच जवळ जातो. म्हणून मी म्हणतो की तुलना करायचीच असेल तर भारताची १७७६ च्या बोस्टनशी करू नका, १८९९ च्या फिलिपिन्समधल्या मनिलाशी करा.

'मग अमेरिकेत साम्राज्यविरोध नव्हताच का?' असं कुणी विचारेल. होता आणि खरा होता. मार्क ट्वेन अँटी-इम्पिरियलिस्ट लीगमधे होता. भारतीय क्रांतिकारकांचा गदर पक्ष १९१३ ला तिथल्या पॅसिफिक किनाऱ्यावरच उभा राहिला, आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यात होते, लाला लजपतराय न्यूयॉर्कमधे राहून प्रचार करत होते. पण पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर याच गदरवाल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला, इंग्रजांच्या आग्रहावरून. १९४१ च्या अटलांटिक सनदेत सगळ्या लोकांना आपलं सरकार निवडायचा हक्क लिहिला, चर्चिलनं महिन्याभरात सांगून टाकलं की हे भारताला लागू नाही, आणि रूझवेल्टनं कुरकुर केली पण ताणलं नाही. गोव्याचं उदाहरण तर अगदी घरचं. डिसेंबर १९५५ मधे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्याबरोबरच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत मानणारी भाषा वापरली. मार्च १९६१ ला केनेडींच्या अमेरिकेनं अंगोला या पोर्तुगीज वसाहतीवरून पोर्तुगालच्या विरोधात मत दिलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपण गोवा मुक्त केला तेव्हा सुरक्षा परिषदेत भारतानं फौज मागे घ्यावी या ठरावामागे अमेरिका उभी राहिली, सोव्हिएत व्हेटोनं तो पडला. अझोर्स बेटांवरचा अमेरिकन तळ पोर्तुगालच्या मर्जीवर होता आणि त्याचा करार १९६२ ला संपत होता हे लक्षात घेतलं की यात फार गूढ काही राहत नाही.

उत्तर लिहिताना एक करा. १० मार्कांचा प्रश्न असेल तर १७६३, १७८७, १८२३ आणि १८९८ हे चार टप्पे घ्या आणि प्रत्येक ठिकाणी जमीन आणि श्रम एवढंच सांगा. २० मार्कांचा असेल तर कापूस घाला, कारण त्यात इंग्लंड, अमेरिका आणि भारत तिन्ही एकाच वाक्यात येतात. मन्रो डॉक्ट्रिन (युरोपनं अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नयेत हे अमेरिकेचं धोरण) लिहायला लागाल तेव्हा १८२३ ला ती अमलात आणायला अमेरिकेकडे पुरेसं नौदल नव्हतं, ते काम ब्रिटिश आरमारानं स्वतःच्या व्यापारासाठी केलं, हे विसरू नका. आणि डिझर्टेशनसाठी विषय शोधत असाल तर १७७८ चं पुणे-कलकत्ता-साराटोगा प्रकरण घ्या, पेशवे दप्तर पुण्यातच आहे, मोडी येत नसेल तर या उन्हाळ्यात शिकून घ्या.